चाकांच्या गोष्टी : पुलाअलीकडचा ट्रक

दोस्तहो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. ट्रक चालवणाऱ्या माणसाला रस्त्यात सगळ्यांत जास्त धास्ती कशाची वाटत असेल? वळणावळणाच्या घाटाची? रात्रीच्या काळोखाची? की डोळ्यांवर येणाऱ्या झोपेची?

हाच प्रश्न मी सातवीत असताना आमच्या शेजारच्या तात्यांना विचारला होता. तात्या ट्रक ड्रायव्हर होते. पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर असायचे. परत आले की आम्ही सगळी पोरं त्यांच्या ओट्यावर गोळा व्हायचो. माझा प्रश्न ऐकून तात्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "घाटाचं मला काही वाटत नाही रे. घाटात गियर माझा, ब्रेक माझा, गाडी माझ्या हातात. पुलावर मात्र मी दुसऱ्याच्या भरवशावर असतो."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. कळला तो त्याच वर्षीच्या गणपतीच्या सुट्टीत.

तात्यांचा ट्रक माझ्या मामाच्या गावावरून पुढे जाणार होता. आईने मला त्यांच्याबरोबर पाठवलं. हौद्यात साखरेची पोती, वर ताडपत्री आवळून बांधलेली, केबिनमध्ये तात्या, त्यांचा क्लीनर आणि मी. मला तर विमानात बसल्यासारखं वाटत होतं! पण दुपारपासून पावसाने जोर धरला आणि दिवेलागणीला आम्ही एका फरशीपाशी येऊन थांबलो.

फरशी म्हणजे काय, हे खेड्यातल्या दोस्तांना सांगायला नकोच. शहरातल्यांसाठी सांगतो. ओढ्यावर किंवा लहान नदीवर बांधलेला हा अगदी बुटका पूल. उन्हाळ्यात पाणी त्याच्या खालून जातं आणि पावसाळ्यात वरून! त्या दिवशी ते वरून चाललं होतं. गढूळ, चहाच्या रंगाचं आणि भलतंच वेगाने. फरशीच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड असतात, त्यांवरून रस्त्याची कड कळते. ते दगड दिसेनासे झाले होते.

आमच्यामागे एक जीप येऊन थांबली. तिचा मालक खाली उतरला आणि तात्यांना म्हणाला, "अहो ड्रायव्हर, गुडघाभर तर पाणी आहे! एवढी मोठी गाडी तुमची, ती काय वाहून जाणार आहे? घाला की पुढे. तुमच्यामागून आम्हीही निघू."

तात्या म्हणाले, "पाणी किती आहे ते दिसतंय, साहेब. पण खाली फरशी किती उरलीय, ते कुठं दिसतंय?"

आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

त्या रात्री पुढे काय झालं, ते शेवटी सांगतो. तोवर आपण दूर देशातल्या तीन पुलांवर एक चक्कर मारून येऊ. तिथल्या ट्रकवाल्यांनाही आमच्या तात्यांसारखंच पुलासमोर थांबावं लागतं. का, ते बघा.

वाऱ्यात सरकणारा पूल

अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे. त्याचे दोन मोठे तुकडे आहेत आणि मधे पाण्याची सामुद्रधुनी. १९५७ सालापर्यंत गाड्यांना बोटीत चढवून पलीकडे न्यावं लागे. गर्दीच्या दिवसांत बोटीसाठी मैलोन् मैल रांगा लागत. मग १ नोव्हेंबर १९५७ रोजी तिथला पूल सुरू झाला. त्याचं नाव मॅकिनॉ पूल. (इंग्रजीत या नावाच्या शेवटी 'क'चं अक्षर लिहितात, पण ते उच्चारत मात्र नाहीत!)

हा पूल पाच मैल, म्हणजे साधारण आठ किलोमीटर लांब आहे. मधला भाग जाडजूड पोलादी दोरांवर टांगलेला आहे आणि हे दोर ज्या दोन मनोऱ्यांवरून जातात ते पाण्यापासून ५५२ फूट उंच आहेत. पुलाच्या मध्यावर रस्ता पाण्यापासून सुमारे २०० फुटांवर असतो. म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी चालवल्यासारखंच झालं की!

बरं, खाली न पाहता जावं म्हटलं, तर तीही सोय नाही. पुलावर जाण्यायेण्याच्या मिळून चार पट्ट्या आहेत. त्यांतल्या बाहेरच्या दोन डांबरी आणि आतल्या दोन चक्क लोखंडी जाळीच्या! जाळीवरून चाकं जाताना भुणभुण आवाज येतो आणि जाळीतून खालचं पाणी दिसतं.

असं का केलं असेल? पैसे वाचवायला? मुळीच नाही. त्यामागे एक धडा आहे. अमेरिकेतच टॅकोमा इथे १९४० च्या जुलैत एक टांगता पूल सुरू झाला होता. चारच महिन्यांनी, ७ नोव्हेंबर १९४० रोजी, ताशी ६५-७० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात तो पिळलेल्या टॉवेलसारखा वळू लागला आणि शेवटी तुटून पडला. त्या वेळी पुलावर एक मालवाहू गाडी होती, ती उलटली. आतली माणसं कशीबशी बाहेर पडून वाचली. एका मोटारीत राहिलेला कुत्रा मात्र पुलाबरोबर गेला. मॅकिनॉ पुलाचे रचनाकार डेव्हिड स्टाइनमन यांनी हे ध्यानात ठेवलं आणि वारा अडवण्यापेक्षा त्याला वाट द्यायची, असं ठरवलं. जाळीतून वारा आरपार जातो आणि पूल शांत राहतो.

शांत म्हणजे अगदी दगडासारखा नव्हे हं! जोराचा वारा असेल, तर या पुलाचा मधला भाग एका बाजूला ३५ फुटांपर्यंत सरकू शकतो. झोक्यासारखा मागेपुढे नाही, तर हळूहळू, वारा ढकलेल तिकडे. वारा ओसरला की तो पुन्हा जागेवर येतो. पुलाने थोडं हलावं, अशीच त्याची रचना आहे. जो हलत नाही तो मोडतो.

हे सगळं कळत असूनही माणसाच्या पोटात गोळा येतोच. कितीतरी लोकांना या पुलावरून गाडी नेण्याची हिंमत होत नाही. मग काय करायचं? पुलाच्या टोकाला थांबून सांगायचं, "मला भीती वाटते." पुलाचा कर्मचारी येतो, तुमच्या गाडीच्या चाकाशी बसतो आणि तुम्हाला पलीकडे पोचवतो. त्याला कुणी हसत नाही. मला ही सोय फार आवडली.

ट्रकवाल्यांना इथे आणखी एक शिस्त पाळावी लागते. मोटारींना ताशी ४५ मैलांची मर्यादा, तर जड ट्रकना फक्त २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची. करा बघू हिशेब! आठ किलोमीटरच्या पुलावर ट्रकला पंधरा मिनिटं लागतात. शेजारून मोटारी सुर्रकन निघून जातात आणि आपण मात्र वीस मजले उंचीवर गोगलगायीसारखे! वारा वाढला, की उंच गाड्यांना पुलाच्या कर्मचाऱ्यांच्या गाडीमागून जावं लागतं. आणखी वाढला, की उंच गाड्या बंद. त्याहूनही वाढला, तर सगळेच बंद. हिवाळ्यात मनोऱ्यांवरून आणि दोरांवरून बर्फाचे तुकडे कोसळू लागले, तरी पूल बंद. मग ट्रकवाले पुलाअलीकडे बसून राहतात, घड्याळ बघत आणि वाऱ्याच्या बातम्या ऐकत.

रिकामी गाडी जास्त नाजूक

आता दुसरा पूल. हाही अमेरिकेतलाच, पण समुद्रावरचा. व्हर्जिनिया राज्यात चेसापीक उपसागराच्या तोंडावर १९६४ साली हा पूल सुरू झाला. दोन्ही किनाऱ्यांमधली ही वाट सुमारे २८ किलोमीटर लांब आहे. गंमत म्हणजे, मधे दोन ठिकाणी रस्ता चक्क समुद्रतळाखालच्या बोगद्यात शिरतो आणि पुन्हा वर येतो. वरून मोठमोठी जहाजं जाता यावीत, म्हणून ही युक्ती.

या पुलावर एक नियम आहे. तो वाचून मी आधी चक्रावलोच. वारा ताशी ४० मैलांच्या, म्हणजे साधारण ६५ किलोमीटरच्या वर गेला, की मागे लांब डबा जोडलेल्या रिकाम्या ट्रकना पूल बंद! भरलेल्यांना नव्हे बरं का, रिकाम्यांना!

तुम्हाला काय वाटतं, असं का? आपल्याला वाटतं की जड गाडी म्हणजे धोका. पुलाच्या खांबांना विचाराल, तर ते खरंही आहे. पण वाऱ्याला विचारा, तो वेगळंच सांगेल. मोठ्या ट्रकचा डबा म्हणजे पंधरा मीटर लांबीची एक भिंतच. ताशी ६५ किलोमीटरचा वारा या भिंतीवर आडवा आपटला, की ढोबळ हिशेबाने जवळजवळ एक टन वजनाइतका जोर लावतो. डबा भरलेला असो की रिकामा, वाऱ्याचा जोर तेवढाच. पण भरलेल्या गाडीला आतला माल जमिनीला धरून ठेवतो. रिकामीला कोण धरणार? आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो!

२०१७ च्या फेब्रुवारीत याच पुलावरून एक ट्रक जोराच्या वाऱ्यात कठड्यावरून खाली समुद्रात पडला. ड्रायव्हर वाचू शकला नाही. म्हणून दोस्तहो, असे नियम वाचताना 'काय ही कटकट' असं वाटलं, तर त्या नियमामागे एखाद्याचं घर असतं, हे विसरू नका.

माघार न घेणारा पूल

तिसऱ्या पुलावरून ट्रक जात नाही, खालून जातो. जाऊ शकला तर! नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहरात रस्त्यावरून जाणारा एक रेल्वेचा पूल आहे. त्याच्याखालची उंची होती ११ फूट ८ इंच. बऱ्याच मोठ्या ट्रकांची उंची त्याहून जास्त असते. मग व्हायचं काय? ट्रक भरधाव यायचा, धाडकन आवाज व्हायचा आणि ट्रकचं छप्पर पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखं सोलून निघायचं. लोकांनी या पुलाचं नावच 'डबा फोडणी' अशा अर्थाचं ठेवलं होतं. जवळच बसवलेल्या कॅमेऱ्याने २००८ पासून अशा शंभराहून जास्त धडका टिपल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, तिथे पाटी नव्हती का? होती ना! उंचीची पाटी होती, पिवळे दिवे होते, पुलाला धक्का बसू नये म्हणून आधी एक पोलादी तुळईही होती. २०१६ साली तर आणखी शहाणी यंत्रणा बसवली. उंच गाडी येताना दिसली, की सिग्नल लाल होतो आणि 'उंच गाडी, वळलंच पाहिजे' अशी अक्षरं उजळतात. तरीही धडका चालूच! रस्ता खाली खणावा, तर खालून सांडपाण्याचा मोठा नळ गेलेला. शेवटी २०१९ साली पूल ८ इंच वर उचलला. आता उंची १२ फूट ४ इंच आहे. तरी एखादा ट्रक अजूनही जाऊन आपटतोच.

यातले बरेच ट्रक भाड्याने घेतलेले असतात. चालवणारा रोज छोटी मोटार चालवणारा. घर बदलताना एका दिवसापुरता त्याने ट्रक घेतलेला असतो. आपल्या डोक्यावर आज केवढा डबा आहे, हेच त्याच्या लक्षात नसतं! पाटीवरचा आकडा त्याने वाचला, तरी तो आकडा ताडून पाहायला आपल्या गाडीचा आकडा ठाऊक हवा ना?

आपल्याकडेही रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्यावर अलीकडे एक लोखंडी आडवी कमान असते. पुढच्या वेळी बघा. ती उगाच नसते. ती म्हणते, "माझ्याखालून गेलात, तरच पुढच्या पुलाखालून जाल."

पाटी नसते तेव्हा

आता आपण घरी परत येऊ. मॅकिनॉला वारा मोजणारी यंत्रं आहेत, डरहॅमला लाल दिवा आहे. पण जिथे काहीच नसतं, तिथे काय?

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. तिथला ब्रिटिश अमदानीतला, दगडी कमानींचा जुना पूल त्या पुरात वाहून गेला. अंधारात येणाऱ्या गाड्यांना समोर पूल नाही, हे कसं दिसणार? एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं नदीत गेली. कितीतरी घरं दुःखात बुडाली. तुमच्यापैकी काहींच्या आईबाबांना ती सकाळ अजून आठवत असेल.

त्या चालकांची काय चूक होती? काहीच नाही. रोजचा रस्ता, रोजचा पूल. तात्या म्हणायचे तसे ते दुसऱ्याच्या भरवशावर होते. म्हणून पूल बांधणाऱ्यांनी, तो तपासणाऱ्यांनी आणि पुराच्या रात्री तिथे पहारा देणाऱ्यांनी तो भरवसा राखायचा असतो. तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी सुरू झाला. पूल किती लवकर बांधता येतो, हे त्यातून दिसलं. पण जुना पूल वेळेवर तपासणं आणि गरज पडली तर वेळेवर बंद करणं, हे त्याहूनही मोठं काम आहे. तुमच्यातला जो कुणी उद्या इंजिनिअर होईल, त्याने हे वहीत लिहूनच ठेवावं.

फरशीवरची सकाळ

हं, तर आम्ही फरशीपाशी थांबलो होतो. तात्या खाली उतरले. पाण्याच्या कडेला त्यांनी एक दगड ठेवला आणि मला म्हणाले, "हा आपला मीटर. दगड बुडाला तर पाणी चढतंय, कोरडा राहिला तर उतरतंय." थोड्या वेळाने बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर दगड गायब!

मग क्लीनरने केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून चहा केला. तात्यांनी तो जीपवाल्यांनाही दिला. पण जीपमालकाचा राग काही जाईना. "उगाच भिता तुम्ही," असं तो दोनतीनदा म्हणाला. तात्या नुसते हसले. रात्री ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि मी तात्यांच्या घोंगडीत झोपून गेलो.

सकाळी उठलो तेव्हा पाऊस थांबला होता. पाणी उतरलं होतं. फरशी दिसत होती. अगदी धडधाकट! कुठे भगदाड नाही, कुठे तडा नाही. क्लीनर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आला. मग तात्यांनी गाडी सुरू केली. जीपवाला ओव्हरटेक करून पुढे गेला आणि जाताजाता ओरडला, "बघितलंत? रात्रीच गेलो असतो!"

मला फार वाईट वाटलं. माल उशिरा पोचला म्हणून तात्यांच्या भाड्यातून त्या खेपेला पैसे कापले गेले, हे मला नंतर कळलं. मी विचारलं, "तात्या, काल रात्री गेलो असतो, तर काहीच झालं नसतं ना?"

तात्यांनी गियर बदलला. म्हणाले, "नसतंही झालं कदाचित. पण काल रात्री मला ते ठाऊक नव्हतं."

एवढंच. पुढे ते काही बोलले नाहीत. मी मात्र ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलंय. आपण थांबलो आणि नंतर काहीच झालं नाही, म्हणजे आपलं चुकलं असं नसतं. मॅकिनॉला थांबलेला ट्रकवालाही वारा पडल्यावर पलीकडे जातो आणि घरी सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीच नसतं. काही न घडणं हीच त्याची कमाई.

तेव्हा दोस्तहो, पावसाळ्यात तुमची एसटी किंवा सहलीची बस पुलाअलीकडे थांबली, तर "चला, चला" असा गलका करू नका. आणि आईबाबांनो, तुम्हीही ड्रायव्हरला घाई करू नका हं! वाहतं पाणी दोन फुटांचं झालं, तर बहुतेक मोटारींना ते उचलून नेतं. त्याला गाडीची किंमत कळत नाही आणि तुमचा उशीरही कळत नाही.

करून पाहा

सारख्या आकाराचे, पुठ्ठ्याचे दोन उंच खोके घ्या. एक रिकामा ठेवा, दुसऱ्यात वाळू भरा. दोन्ही जमिनीवर शेजारी उभे करा. रुंद बाजू पंख्याकडे हवी. टेबलफॅन आधी हळू लावा, मग वेग वाढवा. कोण आधी पडतं? चेसापीकचा नियम तुम्हाला चटकन पटेल.

आणि हे कोडं

माल भरलेला एक ट्रक रेल्वेच्या पुलाखालून जेमतेम, अगदी दोन बोटांच्या फटीने निघून गेला. पुढच्या गावी माल उतरवला. त्याच रस्त्याने, त्याच पुलाखालून परत येताना तोच ट्रक अडकला. पूल तोच, रस्ता तोच, डबाही तोच. मग असं का झालं? आणि कुठलीही मोडतोड न करता तो सोडवायचा कसा? (ट्रकच्या खाली, चाकांकडे बघा. तिथेच उत्तर आहे.)

उत्तर पुढच्या अंकात. तोवर एखादे ट्रक ड्रायव्हर काका भेटले, तर त्यांना विचारा, "काका, तुम्हाला कुठल्या पुलाची धास्ती वाटते?" ते काय सांगतात, ते मला जरूर लिहून कळवा.